खारघरचे संशोधन काशीदच्या घरापर्यंत : अवघड कर्करोगांच्या उपचारांसाठी मागणीपत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. पालकमंत्री, रायगड जिल्हा
मा. जिल्हाधिकारी, रायगड
मा. जिल्हा शल्यचिकित्सक, अलिबाग

प्रत माहितीसाठी : मा. संचालक, टाटा स्मारक केंद्र, मुंबई

प्रेषक : काशीद पंचक्रोशीतील कर्करुग्ण व त्यांचे नातेवाईक यांची संघटना, मु. काशीद, ता. मुरूड, जि. रायगड

विषय : बरे करण्यास अवघड अशा कर्करोगांवरील नव्या संशोधनाचा लाभ मुरूड तालुक्यातील रुग्णांना घराजवळ, वेळेत आणि परवडेल अशा खर्चात मिळण्याबाबत.

महोदय / महोदया,

४ जून २०२१ रोजी भारतात विकसित झालेली कार-टी पेशी उपचारपद्धती पहिल्यांदा एका रुग्णाला देण्यात आली. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक केंद्र यांच्या संयुक्त कामातून साकारलेला हा उपचार झाला तो खारघरच्या ॲक्ट्रेक या संस्थेत, म्हणजे आपल्याच रायगड जिल्ह्यातल्या पनवेल तालुक्यात. त्याच पावसाळ्यात, जुलै २०२१ मध्ये, अलिबाग–मुरूड रस्त्यावरचा काशीदजवळचा जुना पूल अतिवृष्टीत कोसळला. एका माणसाचा जीव गेला आणि या किनाऱ्याची वाट तुटली.

दोन्ही घटना एकाच जिल्ह्यातल्या आणि दोन महिन्यांच्या आतल्या. देशातले सर्वांत पुढचे कर्करोग संशोधन ज्या जिल्ह्यात होते, त्याच जिल्ह्यातला रुग्ण त्या संशोधनापर्यंत पोचताना रस्त्यात अडकतो. हे मागणीपत्र या अंतराविषयी आहे.

आमचे म्हणणे एका वाक्यात सांगता येईल : औषध सापडले, चाचणीत उतरले आणि नियतकालिकात छापून आले म्हणजे संशोधन पूर्ण झाले असे नाही, ज्या रुग्णासाठी ते केले त्याच्या हातात ते पडेपर्यंतचा टप्पा हा त्या संशोधनाचाच भाग आहे, आणि तो टप्पा पार करण्याची जबाबदारी शासनाची आहे.

१. संशोधनाने काय बदलले आहे

काशीद, नांदगाव, बोर्ली, कोर्लई या गावांत आजही कर्करोगाचे निदान झाले की घरात दोन वाक्ये ऐकू येतात. पहिले, ‘टाटाला न्या.’ दुसरे, काही दिवसांनी, ‘आता काही उपयोग नाही.’ पहिल्या वाक्यामागे १९४१ साली परळला उघडलेल्या टाटा रुग्णालयावरचा पिढ्यांचा विश्वास आहे. दुसरे वाक्य मात्र आता अनेक रुग्णांच्या बाबतीत तपासून पाहावे लागेल, कारण ज्या आजारांपुढे डॉक्टर हात टेकत होते त्यांतल्या काहींवर गेल्या दहा-पंधरा वर्षांत वाट सापडली आहे. त्यातले बरेच काम आपल्याच डॉक्टरांनी, आपल्याच रुग्णांसोबत केले आहे.

कार-टी उपचारात रुग्णाच्याच रक्तातील टी-पेशी वेगळ्या काढतात, त्यांत प्रयोगशाळेत असे जनुक घालतात की त्या कर्कपेशीवरील सीडी-१९ हे प्रथिन ओळखू लागतात, मग त्यांची संख्या वाढवून त्या पुन्हा रुग्णाच्या शरीरात सोडतात. बी-पेशींचा रक्ताचा वा लसिकाग्रंथींचा कर्करोग केमोनंतर उलटला की पूर्वी फारसे काही उरत नसे. हा उपचार अशाच रुग्णांसाठी आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते आयआयटी मुंबईत त्याचे लोकार्पण झाले. ६४ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०२५ मध्ये ‘द लॅन्सेट हिमॅटॉलॉजी’मध्ये प्रसिद्ध झाले : ज्यांच्यावरील परिणाम मोजता आला त्यांपैकी सुमारे ७३ टक्के रुग्णांनी उपचाराला प्रतिसाद दिला. अमेरिकेत अशा उपचाराची किंमत तीन-चार कोटी रुपयांच्या घरात जाते. आपल्याकडे ती तीस-चाळीस लाखांच्या आसपास आली.

आमच्या किनाऱ्याशी अधिक जवळचा विषय तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा. इथे तंबाखू आहे, मशेरी आहे, सुपारी आहे. या कर्करोगांत टाटा रुग्णालयाने केलेल्या चाचण्यांनी जगाची उपचारपद्धती बदलली. डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली दाखवून दिले की सुरुवातीच्या टप्प्यातील तोंडाच्या कर्करोगात गाठी दिसेपर्यंत न थांबता पहिल्याच शस्त्रक्रियेत मानेतील ग्रंथी काढल्या, तर तीन वर्षांनंतर जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण ६७.५ वरून ८० टक्क्यांवर जाते. यात कोणतेही नवे औषध नव्हते. योग्य वेळी केलेली योग्य शस्त्रक्रिया होती.

आजार उलटलेल्या किंवा फार पसरलेल्या रुग्णांसाठीही काम झाले. २०२० मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलेल्या ४२२ रुग्णांच्या चाचणीत, घरी घ्यायच्या कमी मात्रेच्या गोळ्या शिरेतून दिल्या जाणाऱ्या सिस्प्लॅटिनपेक्षा सरस ठरल्या. पुढे डॉ. विजय पाटील, डॉ. कुमार प्रभाश आणि सहकाऱ्यांनी अशाच गोळ्यांना निव्होलुमॅब या इम्युनोथेरपी औषधाची जोड दिली. या औषधाची रूढ मात्रा दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम असते; त्यांनी दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम दिले. १५१ रुग्णांच्या या चाचणीत एक वर्षानंतर जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. मूत्रपिंड, श्रवण वा अन्य कारणांनी ज्यांना सिस्प्लॅटिन सोसत नाही, त्यांना रेडिएशनसोबत डोसीटॅक्सेल दिल्यास दोन वर्षांनंतर जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण ४१.७ वरून ५०.८ टक्क्यांवर जाते, हेही याच रुग्णालयाच्या चाचणीने सिद्ध केले. फुप्फुसाच्या कर्करोगात ईजीएफआर जनुकात बदल असलेल्या रुग्णांना गेफिटिनिबच्या गोळीबरोबर केमो दिल्यास आजार थोपवून धरण्याचा काळ ८ महिन्यांवरून १६ महिन्यांवर गेला, हा २०२० सालचा निष्कर्षही परळचाच.

खारघरलाच २०२३ पासून प्रोटॉन किरणोपचार सुरू झाले आहेत. मेंदू, मणका, कवटीचा तळ अशा नाजूक जागी किंवा लहान मुलांमध्ये, आजूबाजूच्या निरोगी भागाला कमी इजा करून गाठीवर मारा करता यावा यासाठी ते वापरतात.

आम्ही हे आकडे डोळे मिटून मांडत नाही. ४३.४ टक्के याचा अर्थ असाही होतो की निम्म्याहून अधिक रुग्ण वर्षभरात गेले. स्वादुपिंडाचा, पित्ताशयाचा, मेंदूतील ग्लायोब्लास्टोमासारखा कर्करोग आजही फार निष्ठुर आहे, आणि रक्ताच्या कर्करोगात यशस्वी ठरलेली कार-टी पद्धत घट्ट गाठींच्या कर्करोगांत अजून तशी चालत नाही. एखाद्या बापाला मुलीच्या लग्नाला उभे राहता येईल एवढे महिने मिळणे, वेदना कमी होणे, पुढच्या औषधापर्यंत तग धरता येणे, याची किंमत ज्यांच्या घरात रुग्ण आहे त्यांनाच कळते. त्या महिन्यांसाठीच आम्ही लिहीत आहोत.

२. अडते कुठे

काशीदहून अलिबाग तीस किलोमीटरच्या आसपास. खारघर शंभर किलोमीटरहून दूर, परळ त्याच्याही पुढे. रेल्वे नाही. गेटवे–मांडवा बोटी पावसाळ्यात बंद. साळावचा पूल ओलांडून रेवदंडा, चौल, अलिबाग, पेण, पनवेल असा प्रवास केमो घेतलेल्या माणसाने करायचा आणि ओपीडीच्या वेळेत रांगेत उभे राहायचे, म्हणजे मध्यरात्रीनंतर घर सोडायचे.

इथली बहुतेक कुटुंबे पर्यटन, मासेमारी, नारळ-सुपारीच्या वाड्या आणि रोजंदारी यांवर जगतात. कमाई ऑक्टोबर ते मे या हंगामात होते आणि तीही शनिवार-रविवारी अधिक. दर तीन आठवड्यांनी रुग्ण आणि सोबती दोघांचेही दोन-तीन दिवस मोडले की खानावळ बंद राहते, होडीवर माणूस कमी पडतो, वाडीतल्या कामाचा रोज बुडतो. योजनेतून औषध फुकट मिळाले तरी प्रवास, जेवण, मुक्काम आणि बुडालेली मजुरी घराला खाली खेचते. आमच्यातल्या काही रुग्णांनी उपचार अर्धवट सोडले ते औषध लागू पडत नव्हते म्हणून नव्हे, तर जाणे झेपेनासे झाले म्हणून. काशीदलगतच्या वाड्यांवरील आदिवासी कुटुंबांची स्थिती याहून कठीण आहे.

तिथे संशोधन हरते. चाचणीतील रुग्ण ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या मात्रेत औषध घेतो. त्याचे रक्त वेळेवर तपासले जाते, त्याला ताप आला तर कोणीतरी फोन उचलते. त्याच औषधाचा तोच परिणाम काशीदमध्ये हवा असेल तर ती शिस्त इथेही आणावी लागेल. पुढील मागण्या त्या शिस्तीच्याच आहेत.

३. मागण्या

मागणी १ : अलिबागला पूर्ण क्षमतेचे डे-केअर कर्करोग केंद्र

केंद्र शासनाने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत डे-केअर कर्करोग केंद्रे उभारण्याचे जाहीर केले. राज्य मंत्रिमंडळानेही २०२५ मध्ये त्रिस्तरीय कर्करोग सेवेचे धोरण मंजूर केले. या दोन्ही निर्णयांचा लाभ अलिबागच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात आणि त्याला जोडलेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात रोज, प्रत्यक्ष मिळावा. केंद्र म्हणजे पाटी आणि चार खाटा नव्हेत. प्रशिक्षित डॉक्टर, केमो देण्याचे शिक्षण घेतलेल्या परिचारिका, औषध सुरक्षितपणे मिसळण्याची बंदिस्त व्यवस्था, २ ते ८ अंशांची अखंड शीतसाखळी आणि पहिला डोस, मोठे निर्णय व गुंतागुंत यांसाठी खारघर-परळच्या तज्ज्ञांशी ठरलेल्या वेळी दूरदृश्य सल्ला, एवढे असेल तरच ते केंद्र.

यात एक उपमागणी आम्ही आग्रहाने मांडतो. कमी मात्रेची इम्युनोथेरपी घेणाऱ्या रुग्णांसाठी अलिबागला ठरावीक वार नेमावा. निव्होलुमॅबची लहान कुपी ४० मिलिग्रॅमची येते आणि रुग्णाला लागतात २० मिलिग्रॅम. उघडलेली कुपी ठेवून देता येत नाही. दोन रुग्ण एकाच दिवशी आले तर एक कुपी दोघांना पुरते. वेगवेगळ्या दिवशी आले तर निम्मे औषध फेकले जाते आणि खर्च दुप्पट होतो. एवढ्या साध्या नियोजनावर हे संशोधन गरिबाला परवडणार की नाही हे ठरते.

मागणी २ : निदान आणि जनुकीय तपासणीसाठी नमुना प्रवास करील, रुग्ण नव्हे

नव्या औषधांची निवड गाठीच्या जनुकीय तपासणीवर ठरते. ईजीएफआर, एएलके, हर-२ यांसारख्या तपासण्या झाल्याशिवाय कोणती गोळी लागू पडेल हे कळत नाही. आज रुग्णाचे नातेवाईक पिशवीत स्लाइड आणि मेणाचे ठोकळे घेऊन एका शहरातून दुसऱ्या शहरात फिरतात, कधी नमुना अपुरा म्हणून परत पाठवले जातात.

आमची मागणी अशी : मुरूडच्या ग्रामीण रुग्णालयात संशयित जखम वा गाठ आढळल्यापासून सात दिवसांत अलिबागला बायोप्सी, बायोप्सीनंतर दहा कामकाजाच्या दिवसांत अहवाल, लागेल तेथे नमुना शासकीय खर्चाने खारघर वा परळच्या प्रयोगशाळेत, आणि अहवाल रुग्णाच्या मोबाइलवर मराठी सारांशासह. ज्यांना शस्त्रक्रिया लागेल त्यांचा आराखडा पहिल्या शस्त्रक्रियेआधीच कर्करोगतज्ज्ञांच्या मंडळासमोर जावा. २०१५ च्या चाचणीने सांगितले तेच इथे लागू आहे : पहिली शस्त्रक्रिया चुकली तर पुढचे महागडे औषधही ती भरून काढत नाही.

मागणी ३ : योजनांच्या यादीत आजचे विज्ञान

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत प्रत्येक कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांचे संरक्षण आहे. योजनेने असंख्य घरे वाचवली आहेत आणि आम्ही तिचे ऋणी आहोत. मात्र उपचारांची यादी आणि संशोधन यांची गती जुळली पाहिजे. म्हणून :

(क) कमी मात्रेची निव्होलुमॅब व तोंडावाटे घ्यायच्या मेट्रोनॉमिक, म्हणजे वर सांगितलेल्या कमी मात्रेच्या, गोळ्या यांचा संयुक्त उपचार हे स्वतंत्र पॅकेज व्हावे. रुग्ण दाखल नसताना घरी घ्यायच्या गोळ्याही त्यात असाव्यात. त्या गोळ्यांत मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि अर्लोटिनिब ही जुनी, जेनेरिक रूपात मिळणारी औषधे आहेत.

(ख) जनुकीय तपासण्या आणि पेट-स्कॅन निदानाच्या टप्प्यावरच योजनेतून मिळाव्यात. तपासणीसाठी पैसे नसलेला रुग्ण उपचाराच्या पॅकेजपर्यंत पोचतच नाही.

(ग) पाच लाखांच्या मर्यादेपलीकडील उपचारांसाठीच्या राज्याच्या निधीत कार-टी उपचाराचा नावानिशी समावेश व्हावा. हा उपचार लागू पडणाऱ्या रुग्णांची संख्या मोजकी असते. निर्णय मात्र आठवड्यांत व्हावा लागतो, कारण उलटलेला रक्ताचा कर्करोग थांबत नाही. अर्ज आल्यापासून दहा दिवसांत होकार वा सकारण नकार द्यावा.

(घ) शासकीय रुग्णालयांची कर्करोग औषधे राष्ट्रीय कर्करोग ग्रीडच्या सामूहिक खरेदीच्या दरानेच घ्यावीत. २०१२ मध्ये सुरू झालेल्या या ग्रीडने ४० औषधांची एकत्र वाटाघाट केली तेव्हा सुमारे १,३२० कोटी रुपये, म्हणजे मूळ किमतीच्या ८२ टक्के वाचले. हा दर परळला मिळतो तर अलिबागलाही मिळाला पाहिजे.

मागणी ४ : केमोनंतरच्या तापासाठी मुरूडला चोवीस तास तयारी

केमोनंतर पांढऱ्या पेशी घसरलेल्या असताना आलेला ताप ही जिवावरची वेळ असते. शिरेतून प्रतिजैविक पहिल्या तासाभरात सुरू व्हावे असा वैद्यकीय नियम आहे. काशीदच्या घरात रात्री दोन वाजता ताप चढला तर तो तास रस्त्यातच संपतो. पुष्कळ ठिकाणी असा ताप साधा समजून गोळी देऊन परत पाठवले जाते.

मुरूडच्या ग्रामीण रुग्णालयात आणि परिसरातील प्राथमिक आरोग्य केंद्रात यासाठी लेखी कार्यपद्धती भिंतीवर असावी, प्रतिजैविकांचा साठा असावा, रक्तपेशींची तपासणी तिथेच व्हावी, आणि केंद्राशी बोलण्यासाठी रात्रीचा एक दूरध्वनी क्रमांक असावा. प्रत्येक केमो रुग्णाला मराठीत छापलेले ‘सावधान कार्ड’ द्यावे : मला केमो चालू आहे, ताप १०० अंशांपुढे गेल्यास थांबू नका. १०८ रुग्णवाहिकेच्या कर्मचाऱ्यांना हे कार्ड ओळखण्याचे प्रशिक्षण द्यावे. या मागणीचा खर्च अत्यल्प आहे आणि तिने वाचणारे जीव नक्की आहेत.

मागणी ५ : प्रवास आणि मुक्काम हा उपचाराचाच भाग मानावा

मुरूड–अलिबाग–पनवेल मार्गावर एसटीच्या सर्व गाड्यांत कर्करुग्ण व एक सोबती यांचा प्रवास मोफत असावा, आणि ॲक्ट्रेकच्या ओपीडीच्या वेळेत पोचणारी पहाटेची थेट खारघर गाडी किमान आठवड्यातून दोनदा सुटावी. कार-टी उपचारानंतर रुग्णाला पहिले काही आठवडे रुग्णालयाजवळच राहावे लागते, कारण साइटोकाइनच्या उद्रेकाने अचानक ताप, रक्तदाबात घसरण वा भ्रम होऊ शकतो. रेडिएशनही आठवडेच्या आठवडे रोज चालते. अशा रायगडकर कुटुंबांसाठी जिल्हा नियोजन निधीतून खारघरला निवासाची सोय व्हावी. उपचार चालू असताना पिवळ्या व केशरी शिधापत्रिकाधारक कुटुंबाला बुडालेल्या मजुरीपोटी मासिक साहाय्य मिळावे. काशीद–अलिबाग रस्ता व त्यावरील पूल यांची पावसाळ्यापूर्वीची तपासणी दरवर्षी मेअखेर पूर्ण करून तिचा अहवाल जाहीर करावा.

मागणी ६ : चाचणीत सहभागाचा समान हक्क, पूर्ण संरक्षणासह

अवघड कर्करोगात रूढ औषधे संपली की वैद्यकीय चाचणी हीच कधी कधी उरलेली वाट असते. त्या चाचण्यांची नोंद देशाच्या नोंदवहीत २००९ पासून बंधनकारक आहे, पण ती वाचणे मुरूडच्या रुग्णाला शक्य नाही. रायगड आणि मुंबईत चालू असलेल्या कर्करोग चाचण्यांची सोप्या मराठीतील यादी दर तीन महिन्यांनी अलिबागला लावावी : आजार कोणता, कोणत्या टप्प्यातले रुग्ण घेतात, किती फेऱ्या लागतात, संपर्क कुठे. डे-केअर केंद्रात एक चाचणी समन्वयक नेमावा आणि रक्त तपासणीसारख्या पाठपुराव्याच्या भेटी अलिबागला करता याव्यात.

त्याचबरोबर, गरज आणि अज्ञान यांचा फायदा घेऊन कुणाला चाचणीत ओढले जाऊ नये. २०१९ च्या नव्या औषधे व वैद्यकीय चाचणी नियमांनी रुग्णाला माहितीपूर्ण संमती, इजा झाल्यास मोफत उपचार आणि भरपाई यांचे हक्क दिले आहेत. हे हक्क मराठीत, मोठ्या अक्षरांत, संमतिपत्रासोबत द्यावेत, आणि आदिवासी वाड्यांवरील रुग्णांना ते तोंडी, त्यांना कळेल अशा बोलीत समजावून सांगावेत. विचार करायला वेळ मिळणे आणि केव्हाही बाहेर पडता येणे, हेही त्यात स्पष्ट असावे.

मागणी ७ : गावनिहाय कर्करोग नोंद

देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे सुरू झाली. ज्या काळी गावात फोनही दुर्मीळ होते त्या काळी बार्शीने गावोगाव फिरून प्रत्येक रुग्ण नोंदवला. आज हे काम रायगडला अवघड नाही. मुरूड तालुक्यातील प्रत्येक निदान, उपचार, उपचार सोडल्याचे कारण आणि मृत्यू यांची नोंद, रुग्णाची ओळख गुप्त ठेवून, दरवर्षी प्रसिद्ध व्हावी. उपचार कोणी का सोडला हा रकाना आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वरच्या सहा मागण्या पूर्ण झाल्या की नाही हे तोच सांगेल.

मागणी ८ : अवघड होण्याआधी पकडणे

पुष्कळ कर्करोग अवघड होतात ते उशिरा सापडल्यामुळे. मुंबईच्या वस्त्यांत सुमारे दीड लाख स्त्रियांसोबत टाटा केंद्राने केलेल्या दीर्घ अभ्यासात, प्रशिक्षित आरोग्य सेविकांनी व्हिनेगर लावून केलेल्या साध्या तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. त्या सेविका डॉक्टर नव्हत्या. आमच्या आशाताई आणि परिचारिका हे करू शकतात. तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी प्रत्येक उपकेंद्रावर महिन्यातून एका ठरलेल्या दिवशी व्हावी; मासळी बाजाराचा आणि पर्यटनाच्या गर्दीचा दिवस टाळून. मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस शाळेतच मिळावी; ती आता पुण्यात तयार होते. शाळांजवळील गुटखा व तंबाखूविक्रीवर कारवाई व्हावी.

मागणी ९ : वेदनामुक्ती

संशोधन जिथे थांबते तिथे रुग्णाला वाऱ्यावर सोडता येणार नाही. २०१४ च्या कायदा दुरुस्तीनंतर मॉर्फिन ठेवण्याची परवानगी सुलभ झाली आहे. अलिबाग आणि मुरूड दोन्ही ठिकाणी तोंडावाटे घ्यायचे मॉर्फिन नियमित मिळावे, आणि अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या घरी परिचारिकेची आठवड्यातून एक भेट व्हावी. शेवटचे दिवस वेदनेत काढावे लागू नयेत, ही मागणी आमच्या सर्व सदस्यांनी एकमताने यादीत घातली आहे.

४. आम्ही काय करू

मागणाऱ्याने आपला वाटाही सांगावा. आमची संघटना पुढील जबाबदारी घेते :

• तालुक्यातील प्रत्येक नव्या रुग्णाला एक अनुभवी सोबती जोडून देणे. फाईल, शिधापत्रिका, योजनेचे कागद आणि पुढच्या तारखा यांत तो मदत करील.
• इम्युनोथेरपीच्या ठरलेल्या वारी रुग्ण एकत्र पोचावेत यासाठी गावातील वाहनमालकांशी बोलून गाड्यांची सोय करणे.
• घरगुती निवास आणि खानावळी चालवणाऱ्या सदस्यांनी तपासणी शिबिरांना येणाऱ्या वैद्यकीय पथकांची राहण्या-जेवणाची व्यवस्था विनामूल्य करणे.
• गावोगावी मशेरी, तंबाखू आणि सुपारी यांविषयी बोलणे. सुपारी आमच्या वाड्यांचे पीक आहे, तरीही ती चघळल्याने कर्करोग होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने मान्य केले आहे, आणि हे आम्ही लपवणार नाही.
• कर्करोगावर चमत्कारी उपाय विकणाऱ्यांना आमच्या गावांत व्यासपीठ न देणे. नव्या उपचारांची आशा वाढते तसा त्या नावाने फसवणाऱ्यांचा धंदाही वाढतो.

५. कालमर्यादा आणि विनंती

मागणी ४ आणि ९ यांना नवे बांधकाम वा मोठा निधी लागत नाही. त्या तीन महिन्यांत अमलात याव्यात. मागणी २, ५, ६ आणि ८ सहा महिन्यांत सुरू व्हाव्यात. मागणी १, ३ आणि ७ यांच्यासाठी आम्ही एक वर्ष धरतो, मात्र त्यांचा टप्पेवार आराखडा तीस दिवसांत लेखी मिळावा. दर सहा महिन्यांनी मुरूड येथे जिल्हाधिकाऱ्यांच्या उपस्थितीत जनसुनावणी होऊन प्रत्येक मागणीची स्थिती मांडली जावी.

या चर्चेसाठी संघटनेच्या पाच प्रतिनिधींना, ज्यांत किमान दोन रुग्ण आणि एक आदिवासी वाडीवरील सदस्य असतील, पंधरा दिवसांत भेटीची वेळ द्यावी ही विनंती. टाटा स्मारक केंद्राच्या तज्ज्ञांनाही त्या बैठकीस निमंत्रित करावे, कारण कोणता उपचार अलिबागला सुरक्षितपणे देता येईल आणि कोणता देता येणार नाही हे त्यांनीच सांगायचे आहे. त्यांचा शब्द आम्ही मानू, आणि तो आमच्या अपेक्षेविरुद्ध गेला तरी मानू.

परळ आणि खारघरच्या डॉक्टरांनी कमी पैशांत, कमी मात्रेत, गोळ्यांच्या रूपात, गरीब रुग्णाला झेपेल असा उपचार शोधण्यासाठी वर्षे घातली. महागडे औषध स्वस्त कसे करावे हा प्रश्न त्यांनी मुद्दाम निवडला, कारण त्यांच्या ओपीडीत आमच्यासारखे लोक येतात. त्यांनी आपले काम केले आहे. आता अलिबागला खाट, मुरूडला प्रतिजैविक, योजनेच्या यादीत एक ओळ आणि पहाटेची एक एसटी, एवढे शासनाने करायचे आहे. यांतली एकही गोष्ट विज्ञानाला अवघड नाही आणि एकही गोष्ट महाराष्ट्राच्या ऐपतीबाहेर नाही. म्हणून आम्ही ती हक्काने मागत आहोत.

आपले विश्वासू,
अध्यक्ष, सचिव व सर्व सदस्य
काशीद पंचक्रोशीतील कर्करुग्ण व नातेवाईक यांची संघटना
काशीद, ता. मुरूड, जि. रायगड